कोळशाच्या संचात बायोमास: पेलेटचा पहिला ट्रक येण्याआधी आणि आल्यानंतर

पेलेटचा, म्हणजे शेतातला काडीकचरा किंवा लाकूड दळून-दाबून केलेल्या छोट्या कांड्यांचा, पहिला ट्रक वीज केंद्राच्या गेटवर उभा राहिल्यावर कोळसा हाताळणी विभागात कोणी ‘हे उतरवायचं कुठे?’ असं विचारत असेल, तर क्रम तिथेच चुकला आहे. बऱ्याच केंद्रांत होतं ते असं: निविदा निघते, दर ठरतो, माल येतो, मग शेडची शोधाशोध होते. मिलचं, म्हणजे इंधन दळणाऱ्या यंत्राचं, काय होणार हे मिलमध्ये माल गेल्यावर कळतं. सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे असतं, पण आग लागते ती गोदामात, बंकरमध्ये (मिलला माल पुरवणाऱ्या कोठीत) किंवा मिलमध्ये. म्हणून इथे भट्टीला थोडी जागा दिली आहे आणि भट्टीच्या अलीकडच्या वाटेला जास्त.

## १. मिश्रण की पूर्ण बदल, हे आधी ठरवा

ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिल्यात कोळशासोबत थोडे पेलेट जाळायचे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुधारित धोरणात २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असे टप्पे ठरले, ते या प्रकारासाठी. दुसऱ्यात कोळसा पूर्ण बंद करून संच बायोमासवर आणायचा. इंग्लंडमधल्या ड्रॅक्स केंद्राने चार संच असे बदलले. कॅनडात ओंटारियोतल्या अटिकोकन केंद्राने २०१२ मध्ये कोळसा थांबवला आणि २०१४ मध्ये ते लाकडी पेलेटवर सुरू झालं.

कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब करा. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चालला तर आपला भारतीय कोळसा दिवसाला साधारण ७,५०० ते ८,००० टन लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे ४०० टन, २० टनी ट्रक धरले तर वीस. हे जमण्यासारखं आहे. पूर्ण बदलात मात्र याच संचाला रोज ४०० ट्रक लागतील, म्हणजे दिवसरात्र दर साडेतीन मिनिटांना एक. ड्रॅक्सने त्यासाठी बंदरापासून रेल्वे आणि खास वॅगन उभ्या केल्या.

दुसरा मुद्दा इंधनाच्या जातीचा. ड्रॅक्स आणि अटिकोकनला जळतात ते स्वच्छ लाकडाचे पेलेट, त्यात राख आणि क्लोरीन फार कमी. आपल्याकडचा माल शेतातला आहे: पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, भाताचं तूस. तो ५४० अंश वाफेच्या बॉयलरमध्ये शंभर टक्के जाळण्याचा बेत मी तरी कोणाला सुचवणार नाही. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

तपासा: तुमच्या मिल कोणत्या प्रकारच्या आहेत? बाउल मिल असेल तर थोड्या प्रमाणात साधे पेलेट चालतात. बॉल-ट्यूब मिलमध्ये तंतू दळले न जाता साचत राहतात, तिथे भाजलेले, म्हणजे टॉरिफाइड पेलेट लागतात. २५० ते ३०० अंशांवर हवेशिवाय भाजल्याने ते कोळशासारखे ठिसूळ होतात. साध्या पेलेटची निविदा काढल्यावर हे लक्षात येऊन उपयोग नाही.

## २. इंधन ओळखा: कशापासून, कोणत्या महिन्यात, किती मातीसकट

‘बायोमास’ नावाचं एक इंधन नसतं. करवत-भुसा आणि भाताचा पेंढा यांत जितका फरक आहे, तितका दोन खाणींच्या कोळशात क्वचित असतो.

प्रयोगशाळेकडे नमुना पाठवताना कोळशाचा नेहमीचा फॉर्म भरून मोकळे होऊ नका. ओलावा, राख, बाष्पनशील घटक आणि उष्मांक हे लागतातच. त्याशिवाय चार गोष्टी मागा: क्लोरीन, राखेतलं पोटॅशियम, राखेतली सिलिका आणि राख मऊ पडण्याचं तापमान. हार्डग्रोव्ह निर्देशांक (कोळसा किती सहज दळतो त्याचा आकडा) मागू नका. तो ठिसूळ कोळशासाठी आहे, तंतुमय मालावर त्या आकड्याला अर्थ नाही.

पोटॅशियम आणि क्लोरीन एकत्र आले की पोटॅशियम क्लोराइडची वाफ होते आणि ती सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर गोठते. तो थर चिकट असतो, वर राख धरतो आणि खाली धातू खातो. पेंढ्याची राख ८०० ते १,००० अंशांच्या आसपासच मऊ पडू शकते. आपल्या कोळशाची राख त्या मानाने खूपच चिवट.

गंमत अशी की ज्या राखेला आपण रोज शिव्या देतो, तीच इथे कामाला येते. आपल्या कोळशातल्या ३५-४० टक्के राखेत ॲल्युमिना आणि सिलिका भरपूर असते, आणि ती पोटॅशियमला बांधून ठेवते. ५-७ टक्के मिश्रण आपल्याकडे निभावतं, त्यात या राखेचा मोठा वाटा आहे. डेन्मार्कमधल्या आवेडोर केंद्रात तर लाकडी पेलेटसोबत मुद्दाम कोळशाची राख भट्टीत सोडली गेली. कोळसा पूर्ण काढला की हे कवचही जातं.

आता हंगाम. विदर्भात कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटली जाते. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं पीक) घेऊ नका असं कृषी खातं सांगतं, त्यामुळे माल हिवाळ्यात एकदम बाहेर पडतो. तुराट्या त्याच्या मागोमाग येतात. म्हणजे पुरवठादाराने दोन-तीन महिन्यांत गोळा करून वर्षभर पुरवायचं आहे. त्याच्याकडे कच्चा माल ठेवायला पत्र्याची शेड आहे की उघडं माळरान, हे डोळ्यांनी पाहून या.

सावध: उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना काळी माती चिकटून येते. झटकून, वाळवून न घेता तशीच दळली तर पेलेटमध्ये राख वाढते आणि दळण यंत्रापासून बर्नरपर्यंत सगळं घासलं जातं. प्लायवूड किंवा रंग दिलेल्या लाकडाचा भुसा तर करारातच नाकारा.

## ३. करार आणि गेटवरची तपासणी

दर टनावर ठरवू नका, उष्मांकावर ठरवा. ओलावा, राख आणि चुऱ्याला वेगळी कपात ठेवा. नमुना तिघांचा: एक केंद्राचा, एक पुरवठादाराचा, एक सीलबंद, वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी.

नमुना ट्रकच्या वरच्या थरातून उचलायचा नाही. चांगला माल वर असतो, चुरा तळाशी. ट्रकमध्ये चार-पाच ठिकाणी, वरून खालपर्यंत नमुना घ्या.

गेटवर पाच मिनिटांत होणाऱ्या दोन चाचण्या:

– पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. घट्ट दाबलेला पेलेट बुडतो. तरंगणारा नीट दाबलेला नाही, तो पट्ट्यावर चुरा होणार.
– एक पेलेट मोडून आत पाहा. काड्यांचे तुकडे किती लांब आहेत? मिल पेलेटला दळत नाही, फक्त मोडते. पेलेट बनवताना आत जे कण गेले, साधारण तेच कण बर्नरपर्यंत पोहोचतात. आत सेंटिमीटरभर काड्या असतील तर भट्टीतही सेंटिमीटरभर काड्याच जातील.

टिकाऊपणाची खरी चाचणी प्रयोगशाळेत होते. ५०० ग्रॅम पेलेट फिरत्या पेटीत मिनिटाला ५० फेऱ्यांनी १० मिनिटं फिरवतात आणि ३.१५ मिलिमीटरच्या चाळणीवर किती उरले ते मोजतात. पहिल्या महिन्यात ही चाचणी प्रत्येक पुरवठादाराच्या मालावर करा.

## ४. साठवण: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

कोळशाचं यार्ड उघडं असतं, पाऊस झेलतं, डोझर वर फिरतो. पेलेटला यातलं काहीच चालत नाही. पाणी लागलं की तो फुगतो आणि काही मिनिटांत त्याचा भुसा होतो. डोझरखाली गेला की पीठ होतं.

रोजचे ४०० टन आणि पाच दिवसांचा साठा धरला तर २,००० टन झाले. घनमीटरला ६०० ते ६५० किलो या हिशेबाने सुमारे ३,२०० घनमीटर. ढीग ३ मीटर उंच ठेवला तर नुसत्या ढिगाला ११०० चौरस मीटर लागतात, लोडर फिरायची जागा वेगळी. शेडला छप्पर हवंच, आणि बाजूंनी पावसाची झड येणार नाही अशी भिंतही हवी. जमीन पक्की आणि आसपासच्या पातळीपेक्षा उंच.

पेलेटचा ढीग आतून स्वतःच तापतो. ओला माल कोरड्यावर टाकला की हे लवकर होतं. म्हणून तीन नियम भिंतीवर रंगवून ठेवा. जुना माल आधी. वेगळ्या पुरवठादाराचे ढीग वेगळे. भिजलेला ट्रक शेडमध्ये येणार नाही, मग पुरवठादार कितीही विनवो.

ढिगात तापमानाचे सेन्सर खोलवर हवेत, पृष्ठभागावर नव्हे. रोजचा आकडा वहीत लिहा. एखादा आकडा किती आहे यापेक्षा तो रोज चढतोय का, हे जास्त सांगून जातं. ४५ अंशांपासून लक्ष ठेवा आणि ६० च्या दिशेने जात असेल तर तो भाग काढून आधी वापरा.

सावध: बंद सायलोत पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि प्राणवायू कमी होतो. त्याला वास नाही. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात लाकडी पेलेट आणलेल्या जहाजावर, साठ्याच्या शेजारच्या जिन्यात उतरलेला माणूस याच कारणाने दगावला. तो सायलोत नव्हता, शेजारी होता. म्हणून सायलो, भूमिगत हॉपर, बोगद्यातला कन्व्हेअर, सगळीकडे वायुमापक घेऊनच उतरायचं. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर कोणीही आत जायचं नाही. आत पडलेल्याला काढायला धावत उतरणारा दुसरा बळी ठरतो, हे कंत्राटी कामगारांना त्यांच्या भाषेत सांगा.

सायलोत धुमसायला लागलं तर झाकण उघडू नका आणि पाणी मारू नका. झाकण उघडलं की हवा मिळते. पाण्याने पेलेट फुगून आतल्या आत दगडासारखे आवळतात, सायलोची भिंतही फाटू शकते. नायट्रोजन खालून सोडायचा, तोही द्रवरूपात नव्हे, वायू करून. याची जोडणी सायलो बांधतानाच करून ठेवावी लागते, आग लागल्यावर वेल्डिंग करता येत नाही. इंग्लंडमधलं टिलबरी केंद्र पूर्ण बायोमासवर आणल्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०१२ मध्ये, मोठी आग लागली ती पेलेटच्या साठ्यातच.

## ५. पट्ट्यावर मिसळणं: ‘सरासरी ५ टक्के’ हा सापळा

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे.

महिन्याच्या अहवालात ५ टक्के असतं. प्रत्यक्षात पाळीला वीस मिनिटं लोडरने पेलेट पट्ट्यावर ओतलेले असतात. त्या वीस मिनिटांत पट्ट्यावर ४० टक्के पेलेट, उरलेल्या वेळात शून्य. बंकरमध्ये हे थरांनी साचतं आणि काही तासांनी एखाद्या मिलला जवळजवळ निव्वळ पेलेटचा थर मिळतो. मग मिलच्या मोटरचा विद्युतप्रवाह वाढतो, दाबातला फरक वाढतो, तापमान उडी मारतं आणि दोष पेलेटला लागतो.

उपाय महाग नाही. पेलेटसाठी वेगळा हॉपर, खाली वजन करणारा फीडर, आणि त्याचा वेग कोळशाच्या पट्ट्यावरच्या काट्याला बांधलेला. पट्ट्यावर तासाला १,००० टन कोळसा जात असेल तर पेलेट तासाला ५० टनांच्या आसपास. पट्टा थांबला की फीडर आपोआप थांबला पाहिजे.

जागा निवडताना:

– पेलेट क्रशरच्या पुढे सोडा, अलीकडे नव्हे. क्रशरमधून गेलेला पेलेट म्हणजे धूळ.
– एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडण्याची उंची कमी असेल ती वाट निवडा.
– धूळ दाबायचे पाण्याचे फवारे पेलेट चालू असताना बंद ठेवा. त्याऐवजी धूळ खेचणारी यंत्रणा हवी. हे कागदावर साधं वाटतं, पण फवारे वर्षानुवर्षं चालू असतात आणि ते बंद करायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.
– चुंबकीय विभाजक पेलेटच्या वाटेवरही हवा. गठ्ठे बांधायची तार आणि ट्रॉलीचे बोल्ट येतातच.

साफसफाई व्हॅक्यूमने करा. हवेच्या नळीने केबल ट्रेवरची धूळ उडवणं म्हणजे स्फोटाला लागणारा ढग स्वतःच्या हाताने तयार करणं.

तपासा: संच बंद करायचा ठरला असेल तर एक-दोन दिवस आधी पेलेट थांबवा. मिश्रण भरलेला बंकर शटडाउनमध्ये तसाच सोडू नका.

## ६. मिल: गरम हवा आणि पावसाळा

आपल्या कोळशात बाष्पनशील घटक साधारण २०-३० टक्के, पेलेटमध्ये ७० टक्के किंवा जास्त. तो लवकर पेटतो. कोळशासाठी बसवलेलं मिलचं तापमान तसंच ठेवलं तर चूक होते.

चालक मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान पाहतात. धोका आतल्या बाजूला असतो, जिथे २५०-३०० अंशांची प्रायमरी हवा (माल वाळवून बर्नरकडे नेणारी) शिरते. मिलच्या तळाशी पडलेली पेलेटची धूळ आणि रिजेक्ट (न दळता खाली पडलेला माल) तिथेच भाजत राहतात. म्हणून:

१. बाहेरचं तापमान कोळशापेक्षा खाली बसवा. किती खाली, ते चाचणीत ठरेल.
२. आत येणाऱ्या हवेचं तापमान वेगळं दाखवा, त्यावर वेगळा अलार्म बसवा.
३. रिजेक्टची पेटी नेहमीपेक्षा दुप्पट वेळा रिकामी करा.
४. मिल थांबवताना आधी पूर्ण रिकामी होऊ द्या. अचानक ट्रिप झाली तर गरम हवेचं गेट बंद आणि वाफ आत, हा क्रम आपोआप घडतो का ते पाहा.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर ओला कोळसा वाळवायला तुम्ही प्रायमरी हवा आणखी गरम करता. त्याच मिलमध्ये पेलेट असतील तर ज्या महिन्यांत हवा सर्वांत गरम, त्याच महिन्यांत सर्वांत ज्वलनशील माल आत. शिवाय ओल्या कोळशावर पडलेला पेलेट बंकरपर्यंत जाईतो भिजलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: वर्षाचं उद्दिष्ट कोरड्या आठ महिन्यांत थोडं जास्त मिसळून गाठा, पावसाळ्यात प्रमाण उतरवा. खरेदीचं वेळापत्रकही त्यानुसारच लावा.

## ७. भट्टी, राख आणि कागदपत्रं

मिश्रण कोणत्या बंकरमध्ये जाईल ते ठरवा. सर्वांत खालच्या बर्नरची मिल नको, मोठे अर्धे जळालेले कण तळाच्या राखेत पडतात. सर्वांत वरची नको, कणांना जळायला वेळ मिळत नाही. मधली निवडा.

उडत्या राखेतला न जळालेला कार्बन रोज पाहा. सिमेंट कारखाने राख घेतात ती ज्वलनातल्या घटीची (राख पुन्हा तापवल्यावर कमी होणाऱ्या वजनाची) ५ टक्क्यांची मर्यादा पाहून, ती ओलांडली तर ट्रक परत येतात. धुमसते कण ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रणेच्या) हॉपरमध्ये साचू देऊ नका.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन म्हणून फक्त कोळसा लिहिला असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. दाब सहन करणाऱ्या भागांत बदल असेल तर बाष्पके संचालनालयाशी बोलणं ओघानेच आलं.

हिशेबातली चूक: वजनाने ५ टक्के म्हणजे उष्णतेने ५ टक्के नव्हे. कोळसा ३,७०० आणि पेलेट ३,४०० किलोकॅलरीचे असतील तर उष्णतेतला वाटा ४.६ टक्के. अहवालात कोणता आकडा आहे ते स्पष्ट लिहा.

## ८. पूर्ण बदल असेल तर वरच्या यादीत काय वाढतं

– बर्नर नवे. ज्योतीचे सेन्सर नव्याने जुळवावे लागतात, कारण ज्योत कुठे पेटते ती जागाच बदलते.
– मिल ठेवली तर क्लासिफायर (जाड कण मागे फिरवणारा भाग) बदलायचा, नाहीतर हॅमर मिल. स्फोट मागे पसरू नये म्हणून झडपा आणि दाब सोडणारे पडदे.
– साठवण हा स्वतंत्र प्रकल्पच. अटिकोकनला सुमारे २०० मेगावॅटसाठी ५,००० टनांचे दोन सायलो लागले. ड्रॅक्सचे चार घुमट मिळून सुमारे ३ लाख टन साठवतात.
– राख कोळशाची राहत नाही. सिमेंटला ती जुन्या नावाने विकता येणार नाही.

## ९. चाचणी: आधी कोळशाचा आरसा

पेलेट टाकण्याआधी निव्वळ कोळशावर, ठरलेल्या भारावर, ७२ तासांची नोंद घ्या: मिलच्या मोटरचा विद्युतप्रवाह, दाबातला फरक, रिजेक्ट, भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, सुपरहीटरचा पाण्याचा फवारा, धूर खेचणाऱ्या आयडी पंख्याच्या मोटरचा विद्युतप्रवाह, दोन्ही राखांतला कार्बन. ही नोंद नसेल तर पुढे जे होईल त्याचं खापर कोणावरही फोडता येतं.

मग एका मिलवर २ ते ३ टक्के, काही दिवस. आकडे स्थिर असतील तर ५, मग ७. एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याच आठवड्यात कोळशाची खाण बदलली तर ती चाचणी धरू नका.

पहिल्या आठवड्यात मिल बोलते, नळ्या बोलत नाहीत. क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) वाढतोय का ते खिडकीतून आणि नळ्यांवरची राख झटकणारा सूट ब्लोअर किती वेळा चालवावा लागतो यावरून काही आठवड्यांत दिसतं. गंज मात्र पुढच्या वार्षिक शटडाउनलाच कळतो, तोही आधीच्या शटडाउनमध्ये त्याच नळ्यांवर त्याच जागी जाडी मोजून ठेवली असेल तर. म्हणून पेलेट सुरू करण्याआधीच्या शटडाउनमध्ये शेवटच्या सुपरहीटरच्या नळ्या निवडा, मोजायच्या जागांवर पंच मारा आणि तो नकाशा बॉयलर देखभालीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.